आधी फेरूल घाला, मग रोध काढा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं पॅनेल वायरिंग केलं, म्हणजे विजेच्या कंट्रोल पेट्यांतल्या वायरी जोडल्या. शिक्षण आयटीआय, त्यामुळे फिजिक्सचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं ते आठवतही नाही. मागच्या महिन्यात बहिणीची मुलगी नववीचं विज्ञान घेऊन सिडकोत आमच्या घरी आली. 'धारा विद्युत'चा धडा, त्यातली रोधांची, म्हणजे करंटला अडवणाऱ्या भागांची, जोडणी. म्हणाली, "मावशी, तू तर वायरिंगच करायचीस ना, मग हे सांग."

सूत्रं तिला तोंडपाठ होती. एकसर (एकामागे एक) जोडणीत सरळ बेरीज, समांतर (वेगवेगळ्या वाटांच्या) जोडणीत उलट्यांची बेरीज. गाडी अडत होती ती त्याआधीच. चित्र समोर आलं की त्यात एकसर कोण आणि समांतर कोण हेच तिला ओळखता येत नव्हतं. एका रेषेत काढलेले सगळे एकसर आणि एकाखाली एक काढलेले सगळे समांतर, असं तिनं मनाशी ठरवून टाकलेलं. सोप्या गणितांत ते खपतंही. परीक्षेत चित्र जरा वाकडं काढलं की संपलं.

पॅनेलच्या कामात आम्ही चित्राच्या आकारावर कधीच जात नाही. ड्रॉइंगमध्ये शेजारी शेजारी दिसणारे दोन पॉइंट प्रत्यक्षात पॅनेलच्या दोन टोकांना असतात, मध्ये सगळा चॅनेलमधला वायरींचा गुंता. आम्ही बघतो फेरूल. पिवळ्या प्लास्टिकची छोटी नळी असते, तिच्यावर नंबर छापलेला. वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवायच्या आधी ती सरकवायची. नंबर द्यायचा नियम एका ओळीचा आहे: नुसत्या वायरीनं जोडलेल्या सगळ्या टोकांना एकच नंबर. वाटेत कॉइल, दिवा, हीटर, रोध असं काहीही आलं की पलीकडे नंबर बदलतो. वायर दहा फूट लांब असो, चार ठिकाणी लूप मारलेली असो, नंबर तोच.

गणिताच्या वहीतसुद्धा हेच करायचं. सूत्र मागाहून.

पेन्सिल घ्या आणि नंबर टाका

चित्राच्या एका टोकापासून सुरुवात करा. तिथे १ लिहा. त्या टोकापासून वायर जिथे जिथे जाते तिथे सगळीकडे १. रोध ओलांडला की २. पुढचा ओलांडला की ३. दोन वायरी जिथे मिळतात तिथे वेगवेगळे नंबर आले असतील तर एक खोडून दोन्हीकडे सारखा करा, कारण मधे काही नसेल तर ती जागा विजेच्या हिशेबानं एकच.

मग चित्र बाजूला सारा आणि प्रत्येक रोधाच्या दोन टोकांचे नंबर शेजारी लिहून यादी करा. उदाहरणार्थ (ओहम हे रोधाचं माप):

४ ओहम: १–२
६ ओहम: २–३
१२ ओहम: २–३
२ ओहम: ३–४

बॅटरी किंवा रोध मोजायचा मीटर १ आणि ४ ला. आता या यादीवर फक्त चार गोष्टी करायच्या असतात.

दोन रोधांची जोडी तीच असेल (वर ६ आणि १२, दोघेही २–३) तर ते समांतर. मग ते चित्रात आडवे काढलेले असोत, उभे असोत की एकमेकांपासून लांब.

एखादा नंबर बरोबर दोनच रोधांवर येत असेल, आणि तिथे बॅटरी किंवा मीटर लागलेलं नसेल, तर ते दोघे एकसर. तिसरा कोणी त्या नंबरवर आला की एकसर संपलं. माझ्या भाचीची निम्मी चूक इथेच व्हायची. ४ आणि ६ एका रेषेत दिसतात म्हणून ती बेरीज करायची, पण २ नंबरवर १२ वालाही उभा आहे हे बघायची नाही.

एखाद्या रोधाची दोन्ही टोकं एकाच नंबरची निघाली, तर तो शॉर्ट झालाय. खोडून टाका.

आणि एखादा नंबर यादीत एकदाच आला, तिथे बॅटरीही नाही, तर ते टोक लोंबकळतंय. त्यातून करंट जाणार नाही, तोही खोडा.

एक जोडी सोडवली की तिच्या जागी एकच रोध लिहायचा आणि यादी पुन्हा वाचायची. वरच्या यादीत ६ आणि १२ समांतर, त्यांचे झाले ४ ओहम, २–३ वर. आता २ नंबरवर दोघेच उरले, ३ वरही दोघेच. सगळे एकसर: ४ + ४ + २ = १० ओहम.

पडताळा घ्यायचा असेल तर स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी लावल्याचं समजा. करंट म्हणजे व्होल्ट भागिले रोध: १२ ÷ १० = १.२ अँपिअर. पहिल्या रोधावर ४.८ व्होल्ट, मधल्या जोडीवर ४.८, शेवटच्यावर २.४. बेरीज १२ येते. मधल्या जोडीत ६ ओहमातून ०.८ आणि १२ ओहमातून ०.४ अँपिअर, मिळून १.२. दोन्ही हिशेब जुळले म्हणजे उत्तर बरोबरच. ही बेरीज जुळायलाच हवी, हे जर्मन शास्त्रज्ञ किरचॉफनं १८४५ साली नियम म्हणून मांडलं. आम्ही त्याचं नाव न घेता रोज वापरतो.

उलट्यांची बेरीज का करायची

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. द्राक्षाची बाग, ठिबक. विहिरीवरच्या मोटारीपासून निघालेलं पाणी आधी फिल्टरमधून जातं, मग मुख्य पाइप, मग ओळीओळीच्या नळ्या, आणि शेवटी ड्रिपर. फिल्टर तुंबला तर अख्खी बाग कोरडी राहते. एखादा ड्रिपर तुंबला तर ती एक वेल सुकते, बाकीच्यांना कळतही नाही. फिल्टर एकसर आहे, ड्रिपर समांतर.

एकसर म्हणजे सगळ्यांना त्याच पाण्यातून जायचंय. प्रत्येक अडथळा वाट अडवतो, म्हणून अडथळ्यांची बेरीज. समांतर म्हणजे नवी वाट. नवी नळी उघडली, ती कितीही बारीक असली, तरी एकूण पाणी वाढतंच. म्हणून समांतरमध्ये अडथळ्यांची नाही, वाटांच्या मोकळेपणाची बेरीज करायची. मोकळेपणा म्हणजे १ भागिले रोध. पुस्तकात याला वाहकता म्हणतात. सगळ्या वाहकता मिळवायच्या आणि शेवटी उत्तर पुन्हा उलटं करायचं.

१ ÷ एकूण = (१ ÷ पहिला) + (१ ÷ दुसरा) + (१ ÷ तिसरा)...

शेवटचं उलटं करणं विसरणं ही दुसरी नेहमीची चूक. ६ आणि ३ ओहम समांतर: १/६ + १/३ = १/२. इथेच थांबून "अर्धा ओहम" लिहिणारी मुलं खूप. उत्तर २ ओहम.

दोनच असतील तर गुणाकार भागिले बेरीज: ६ × ३ = १८, ६ + ३ = ९, उत्तर २. हे फक्त दोनांसाठी. तीन आले की काहीजण तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज करतात. २, ३ आणि ६ ओहम घ्या. असं केलं तर ३६ ÷ ११, म्हणजे ३.२७ येतं. खरं उत्तर १ ओहम: १/२ + १/३ + १/६ = १. सूत्र आठवलं नाही तरी ३.२७ चूक आहे हे बघताक्षणी कळायला हवं, कारण समांतर जोडणीचं उत्तर त्यातल्या सगळ्यात छोट्या रोधापेक्षा नेहमी लहानच येतं. नवी वाट उघडल्यावर अडचण वाढेल कशी? आणि खालची हद्दही ठरलेली आहे. सगळ्यात छोट्या रोधाला रोधांच्या संख्येनं भागा, उत्तर त्याच्या खाली जात नाही. इथे २ ÷ ३ = ०.६७ आणि २ यांच्या मध्येच उत्तर असणार. १ आहे. ठीक.

सगळे सारखे असतील तर हा सगळा खटाटोप नको. एकाची किंमत भागिले संख्या. १० ओहमचे पाच समांतर म्हणजे २ ओहम. आणि एक खूप मोठा, एक खूप छोटा असेल, तर मोठ्याला विसरलात तरी चालतं: १० आणि १००० समांतर म्हणजे ९.९.

माझी हीटरची चूक

कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. इगतपुरीच्या बाजूच्या एका पंपहाउससाठी पॅनेल होतं. तिकडचा पाऊस नाशिककरांना सांगायला नको. पॅनेलच्या आत दमट हवेनं पाणी धरू नये म्हणून दोन हीटर बसवायचे असतात. दोन्ही २३० व्होल्ट, १०० वॅटचे. मी ते एकाच्या शेपटीला दुसरा असे जोडले. खरं तर दोघांनाही फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे द्यायला हवे होते.

टेस्टिंगला कोणाच्याच लक्षात आलं नाही. सप्लाय दिला, हात लावला, कोमट लागले, पास. पावसाळ्यात पॅनेल परत आलं तेव्हा आतल्या बसबारवर, म्हणजे करंट वाहणाऱ्या जाड पट्टीवर, पाण्याचे थेंब सुकल्याचे डाग होते.

गणित करा. रोध म्हणजे व्होल्ट गुणिले व्होल्ट भागिले वॅट. २३० व्होल्टला १०० वॅट म्हणजे रोध = २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. दोन एकसर: १०५८ ओहम. मग वॅट = ५२९०० ÷ १०५८ = ५०. दोघांत मिळून पन्नास, म्हणजे प्रत्येकी पंचवीस. समांतर असते तर २६४.५ ओहम आणि पूर्ण २०० वॅट. मी पाव उष्णता देऊन पॅनेल पाठवलं होतं.

सप्लाय न देता टर्मिनलवर मीटर लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. १०५८ की २६४, एवढा चौपट फरक कोणालाही दिसतो. तेव्हापासून दोन सारख्या वस्तू जोडल्या की आधी मनात दोन आकडे काढायचे, दुप्पट आणि निम्मा, आणि मीटर कुठला दाखवतोय ते बघायचं, ही सवय लागली.

हीटरवर हे जमतं कारण त्यातली नायक्रोमची तार थंड आणि गरम असताना जवळपास तेवढाच रोध दाखवते. जुन्या पिवळ्या बल्बवर जमणार नाही. १०० वॅटचा बल्बही गणितानं ५२९ ओहमचाच, पण थंड बल्बला मीटर लावलात तर चाळीसच्या आसपास येईल. टंगस्टनची तार पेटल्यावर रोध दहापटीहून जास्त वाढतो. मीटर खराब नाही, बल्बही खराब नाही. एलईडी बल्बला तर हे गणित लावूच नका, त्याच्या पोटात आख्खं सर्किट असतं.

वेषांतर केलेलं चित्र

हे चित्र भाचीच्या क्लासच्या पेपरात आलं होतं, आणि मला ते फार आवडलं. तीन रोध, प्रत्येकी ९ ओहम, एका सरळ रेषेत. डावीकडे एक टोक, उजवीकडे दुसरं. शिवाय दोन कमानीसारख्या वायरी: एक अगदी डाव्या टोकापासून उडी मारून दुसऱ्या आणि तिसऱ्या रोधाच्या मधल्या जागी, दुसरी पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधून उजव्या टोकाला.

तिनं २७ लिहिलं होतं. दिसतातच तसे.

नंबर टाका. डावं टोक १. पहिला रोध ओलांडला, २. दुसरा ओलांडला, ३. तिसरा ओलांडला, ४. आता कमानी बघा. पहिली कमान १ आणि ३ ला जोडते, मधे काही नाही, म्हणून ३ खोडून १. दुसरी २ आणि ४ ला जोडते, ४ खोडून २. यादी:

पहिला: १–२
दुसरा: २–१
तिसरा: १–२

तिघेही समांतर. ९ ÷ ३ = ३ ओहम. मी हे करून दाखवल्यावर ती चित्राकडे बघत राहिली आणि मग पेपर तपासणाऱ्या सरांवर चिडली. सरांचा काही दोष नाही म्हणा.

मोटारीची तीन वाइंडिंग

आता माझ्या आवडीचं. पंपाच्या थ्री-फेज मोटारीत तीन सारखी वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात, सहा टोकं बाहेर येतात. ती दोन प्रकारे जोडतात, स्टार आणि डेल्टा. समजा प्रत्येक वाइंडिंग ६ ओहम. (हा मीटरनं मोजलेला तारेचा रोध. मोटार चालू असताना करंट यावरून काढायला जाऊ नका, तिथे एसीचं वेगळं गणित लागतं.)

स्टारमध्ये तिघांची एकेक शेपटी पितळी पट्टीनं एकत्र बांधतात. त्या गाठीला ४ म्हणू. यादी: १–४, २–४, ३–४. मीटर १ आणि २ ला लावला. ३ नंबर एकदाच आलाय, तिथे मीटर नाही, म्हणजे तिसरं वाइंडिंग लोंबकळतंय, खोडा. उरले १–४ आणि ४–२, एकसर. १२ ओहम.

डेल्टात एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला, असा त्रिकोण. यादी: १–२, २–३, ३–१. मीटर १ आणि २ ला. ३ नंबरवर दोघेच, म्हणून २–३ आणि ३–१ एकसर, १२ ओहम, आता तेही १–२ वर. त्याच्याशी समांतर सरळ वाइंडिंग ६ ओहम. १२ × ६ ÷ १८ = ४ ओहम.

तीच मोटार, तीच तार, एका पट्टीच्या फरकानं १२ किंवा ४.

याचा खरा उपयोग मोटार जळाल्याचा संशय येतो तेव्हा. बरेच जण डेल्टात जोडलेल्या मोटारीला तसाच कंटिन्युटीचा (वाट सलग असली की वाजणारा) बझर लावतात. तिन्ही जोड्यांवर वाजतो, म्हणून मोटार चांगली असं सांगतात. पण १–२ चं वाइंडिंग मधेच तुटलं असेल तर काय होईल? यादीत उरले २–३ आणि ३–१. १ आणि २ मध्ये मोजलं तर दोघे एकसर, १२ ओहम, बझर वाजणारच. २ आणि ३ मध्ये ६, ३ आणि १ मध्येही ६. तिन्हीकडे ४ यायला हवं होतं, आलं १२, ६, ६. बझरला आकडे कळत नाहीत, त्याच्या दृष्टीनं सगळीकडे वाट आहे. आकडे वाचणाऱ्याला मात्र तुटलेलं वाइंडिंग कुठलं तेसुद्धा कळतं: ज्या जोडीवर सगळ्यात मोठा आकडा, त्या दोन टोकांमधलं.

म्हणून मोजताना शक्यतो पट्ट्या काढून सहाही टोकं मोकळी करा. नसेल जमत तर निदान आकडे वाचा.

मीटर लावताना

सप्लाय बंद, प्लग बाहेर. वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर तो रिकामा झालेला. चालू सर्किटवर ओहमच्या सेटिंगमध्ये मीटर लावला तर मीटर तरी जातो किंवा हात तरी भाजतो.

मीटरच्या दोन्ही सुया आधी एकमेकींना टेकवा. ०.२, ०.३ ओहम असं काहीतरी दिसेल. तो सुयांच्या वायरींचा रोध, तुमच्या वस्तूशी एकसर बसलेला. छोटा रोध मोजताना तेवढा वजा करा. ५२९ मोजताना विसरा.

मोठा रोध मोजताना उलटी अडचण. दोन्ही सुया बोटांनी दाबून धरल्या की तुमचं शरीर त्या रोधाला समांतर. १० लाख ओहमचा रोध अशानं बराच कमी दिसतो, आणि घामट हातानं आणखी कमी. एक हात सोडा.

आणि वस्तू सर्किटमध्ये बसलेली असताना मोजलेला आकडा फक्त तिचा नसतो, तिच्या आजूबाजूच्या सगळ्या समांतर वाटांचा असतो. एक टोक सोडवा, मग मोजा.

हवा तो रोध मिळत नाही तेव्हा

गणपतीत मखरासाठी भाचीला १२ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा होता. ४७० ओहमचा रोध हवा होता, पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांचा. घरातल्या डब्यात होते फक्त १००० वाले, तपकिरी-काळा-लाल. एवढ्यासाठी सणाच्या गर्दीत सिडकोतून एम. जी. रोड गाठायचा? १००० वाले दोन रोध समांतर पिळले, झाले ५००. लाल एलईडी दोनेक व्होल्ट खातो, उरतात १०. करंट १० ÷ ५०० = ०.०२ अँपिअर. एलईडीला तीस ओहमच्या फरकानं काही होत नाही.

यात एक फुकटचा फायदाही झाला. एकट्या ४७० वाल्याला ०.२१ वॅट सोसावे लागले असते. तो पाव वॅटचा असतो, म्हणजे अगदी काठावर, हात लावला तर चटका. दोघांत वाटल्यावर प्रत्येकी फक्त ०.१ वॅट. दहा दिवस रात्रभर चालू होता.

घरातला बोर्ड

घरातल्या सगळ्या वस्तू समांतर असतात, म्हणून इस्त्री बंद केली तरी गिझर चालू राहतो. गिझर २००० वॅट म्हणजे २६.४५ ओहम. इस्त्री १००० वॅट म्हणजे ५२.९. समांतर: ५२.९ × २६.४५ ÷ ७९.३५ = १७.६३ ओहम. करंट २३० ÷ १७.६३, सुमारे १३ अँपिअर.

इतकं करायची खरं तर गरज नाही. समांतरमध्ये वॅट सरळ मिळवता येतात: ३००० ÷ २३० = १३.०४. उत्तर तेच. पण पहिला रस्ता एकदा स्वतः करून बघा, म्हणजे "जास्त वस्तू लावल्या तर रोध वाढायला हवा ना?" हा प्रश्न परत पडत नाही. वस्तू वाढल्या, वाटा वाढल्या, रोध घटला, करंट वाढला. १६ अँपिअरच्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) यात हजार वॅटची शेगडी मिळवलीत तर करंट १७ च्या वर जातो. एमसीबी लगेच पडेल असं नाही, थोडा वेळ सोसेलही. म्हणून पडली नाही म्हणजे चाललं, असं धरू नका.

जिथे ही पद्धत अडते

एक चौकोन घ्या. चारही बाजू १० ओहम. डावा कोपरा १, वरचा २, खालचा ३, उजवा ४. शिवाय वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांमध्ये पाचवा १० ओहम. बॅटरी १ आणि ४ ला. यादी: १–२, १–३, २–४, ३–४, २–३.

सारखी जोडी एकही नाही. २ नंबरवर तिघे, ३ वरही तिघे, म्हणजे एकसरही कोणी नाही. यादी हलतच नाही. अशा वेळी तुमची चूक झालीय असं समजू नका, हे जाळं मुळातच एकसर-समांतर नाही. इथे डोळे वापरायचे: वरची आणि खालची वाट अगदी सारखी, म्हणून २ आणि ३ मध्ये विभवांतर (व्होल्टचा फरक) नाही, मधल्या रोधातून करंट जाणारच नाही. तो खोडा. उरल्या २० ओहमच्या दोन वाटा समांतर, उत्तर १० ओहम. बाजू सारख्या नसतील आणि तोलही जमत नसेल, तर त्रिकोणाचा स्टार करून सोडवतात. ते सूत्र केनेली या अमेरिकेतल्या इंजिनिअरनं १८९९ मध्ये दिलं, नववीला लागत नाही. तिन्ही सारखे असतील तर मात्र सोपं आहे, डेल्टातल्या एकाचा तिसरा हिस्सा म्हणजे स्टारमधला एक. वरची मोटार आठवा. ६ ओहमचा डेल्टा म्हणजे २ ओहमचा स्टार, आणि दोन टोकांत २ + २ = ४. जुळलं.

आता तुमच्यासाठी एक. तोच चौकोन, बाजू १० च्या, पण पाचवा १० ओहम वर-खाली न लावता डाव्या आणि उजव्या कोपऱ्यांत, म्हणजे १–४ वर. भाचीनं हे नंबर टाकून एका मिनिटात काढलं. उत्तर ५ ओहम यायला हवं.